नावाड्याने भरलेले सांधे

आमच्या ओसरीवरची काचेची पेटी गळाली ती माझ्यामुळे. तिचे सांधे भरणाऱ्या नावाड्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. तरी मी चारचौघांत त्याचं नाव घेतलं आणि पुढे जवळजवळ तीन महिने गप्प राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लिहिताना मला हसू येणार आहे. ते दिवस फार आनंदाचे होते. वाचणाऱ्यालाही हसू आलं तर येऊ द्यावं, फक्त मी काय केलं ते त्या हसण्यात बुडून जाऊ नये.

त्या वेळी मी तिशी ओलांडलेला, सिंदफणेच्या काठी एका गावात शाळामास्तर होतो. सकाळी मुलांना उर्दू शिकवायचं, दुपारी मराठी. तालुक्याचे तहसीलदारसाहेब हैदराबादचे. त्यांचं कुटुंब शहरात, आणि इथे सोबतीला मासे. मासे ठेवायला त्यांनी हैदराबादहून एक काचेची पेटी आणवली होती. लोखंडी सांगाडा, चारी बाजूंना जाड काच, तळाला शहाबादी फरशी. अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि तेवढीच उंच. तिच्यात छत्तीस घागरी पाणी मावायचं. मी अधूनमधून शाळेच्या मुलांना ते मासे दाखवायला नेत असे. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मास्टरसाहब, मछलियाँ आज से आपकी. पानी ही तो माँगती हैं बेचारी."

कडब्यात गुंडाळलेली पेटी आणि तोंडाला फडकी बांधलेल्या घागरींतून अकरा सोनेरी मासे असं सगळं बैलगाडीने आमच्या घरी आलं. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता, त्यामुळे गावाला आयतंच खाद्य मिळालं. पारावर बसलेला एकजण दुसऱ्याला म्हणे, "मास्तरांच्या घरात मासं शिरलं बे." दुसरा मला विचारी, "मास्तर, आज काय कालवण?" पण हेच लोक संध्याकाळी पोरंबाळं घेऊन ओसरीपुढे उभे राहत. बायका येत, म्हातारी माणसं काठी टेकत येत. एका आजीबाईने तर पेटीला हळदकुंकू वाहिलं. एका माशाच्या शेपटीला पांढरा ठिपका होता, त्याला मुलांनी वर्गाचा मॉनिटर करून टाकलं.

मला मात्र झोप लागेना. काच आणि लोखंड यांच्या सांध्यात लांबी भरलेली असते, म्हणजे सुतार खिडकीची काच बसवायला वापरतात तसला लगदा. इथली लांबी जुनी होती. ठिकठिकाणी तिला केसासारख्या भेगा दिसायच्या. सांधा सुटला तर छत्तीस घागरी पाणी ओसरीवरून थेट धान्याच्या कणग्यांपर्यंत जाणार, आणि मासे कुठे कुठे जातील ते देवालाच ठाऊक. मी रोज पहाटे उठून पेटीच्या बुडाशी चुलीतली राख पसरत असे. राख काळी पडली की समजायचं, पाझर आहे. मग गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून मी तो काळा डाग कुठून आला ते शोधत राही.

बायको एकदा दारातून बघत म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली. माझ्या डोळ्यात पाणी आलेलं तुम्हाला इतक्या लवकर कधी कळलं नाही."

तिनेच नावाड्याला बोलवायला सांगितलं. गावची नाव त्याच्याकडे त्याच्या वडिलांपासून होती. पावसाळ्यात सिंदफणा भरली की पलीकडे दिंद्रुडच्या बाजाराला जायचं ते त्याच्याच नावेतून. दर उन्हाळ्यात तो नाव काठावर ओढून तिचे सांधे राळेने, म्हणजे झाडाच्या चिकट डिंकाने, भरायचा. साठीला आलेला, हाडापेराने मोठा, आवाज मात्र अगदी हळू. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं.

मामाने पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. काचेवर टिचकी मारून कान लावला. मग नखाने लांबी जराशी उकरली, तर तिचा भुगा झाला.

"ही म्हातारी झालीया, मास्तर," तो म्हणाला. "वरून धट्टीकट्टी दिसतीया, पर आतून पीठ झालंय हिचं."

"किती दिवस टिकेल?"

"मानसाचं सांगता येत न्हाई, लांबीचं काय सांगू. आज टिकंल, दिवाळीला बी टिकंल. मंग येक दिवस तुमी जेवाया बसाल आन् मासं ताटापाशी येतील."

बायको आतून म्हणाली, "ताटापाशी नको हो मामा. आमच्यात चालत नाही."

मामा हसला की त्याचे खांदे हलत, आवाज येत नसे. तो बराच वेळ तसा हलत राहिला.

चार दिवस तो आमच्या ओसरीवर काम करत होता. मासे घंगाळात, घागरींत, एक तर परातीत. त्याने जुनी लांबी पार काढून टाकली. राळ आणि जवसाचं तेल एकत्र शिजवून त्यात कापूस भिजवला आणि बोथट पात्याने सांध्यात ठासून भरला. ज्या कोपऱ्यात माझी राख रोज काळी पडायची, तिथे त्याने तीनदा हात फिरवला. घरभर राळेचा वास सुटला. काम संपल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, ही पेटी म्हंजी नावच हाय. फरक येवढाच, नावंचं पानी बाहीर असतंय, हिचं आत. येक गोष्ट सांगतो ती ध्यानात धरा. हिला कोरडी करू नका. पानी बदलायचं तर अर्धं काढा, अर्धं भरा. आन् ऊन लागू देऊ नका. नाव उन्हात वाळली की सांधं तोंड उघडत्यात. हिचं बी तसंच हाय."

ओसरीवर दुपारनंतर ऊन यायचं. त्याने स्वतःच गोणपाटाचा पडदा शिवून आणला आणि टांगून दिला.

पेटी भरली त्या संध्याकाळी मामा पायरीवर बसून राहिला. एक सोनेरी मासा काचेजवळ आला आणि तोंड उघडझाप करू लागला. मामा त्याच्याकडे टक लावून बघत म्हणाला, "जल्मभर मासं वरून बघितलं. निस्ती पाठ दिसायची. ह्यांस्नी तोंड बी हाय, हे आज कळलं." थोड्या वेळाने म्हणाला, "ह्यो माझ्याकडं का म्हून बघतोय? वळखलं का काय मला?"

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. जाळं खांद्यावर टाकून नदीवरून परतताना घटकाभर पायरीवर टेकायचा. बायको त्याला गूळपाणी द्यायची. तो मला कोणता मासा रुसला आहे, कोणता खादाड आहे ते सांगायचा, आणि मी त्याला मुलांच्या गमती. राख पसरायची सवय मी सोडून दिली. त्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पेटीतून थेंबही गळाला नाही. माझ्या आयुष्यात इतक्या सुखाच्या संध्याकाळी फार थोड्या आल्या.

वैशाखात सूर्यग्रहण आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते, आणि त्यांनी निरोप धाडला होता की मास्तरांचे मासेही बघायचे आहेत.

ग्रहणात घरातलं साठवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि सुटल्यावर नवं भरायचं, ही आमच्याकडची रीत. मग गावात वाद सुरू झाला की पेटीतल्या पाण्याचं काय. नदीचं, विहिरीचं, तळ्याचं पाणी कोणी टाकत नाही. मग मास्तरांची पेटी हे तळं की भांडं? पारावर दोन तट पडले. एकजण म्हणाला, "मासं हायती म्हंजी तळंच." दुसरा म्हणाला, "तळं घरात असतंय का बे? मंग तुझ्या रांजनात बेडूक पडला तर त्याला बी तळं म्हन." शेवटी मी गावच्या जोशीबुवांकडे गेलो. ते पंचांग बाजूला ठेवून म्हणाले, "जीव आहेत त्यात. तुळशीचं पान टाका आणि स्वस्थ बसा."

म्हणजे शास्त्रानेही मला मोकळं केलं होतं. पण मी घरी येऊन सांगितलं की पेटी रिकामी करायची, ग्रहणाचं पाणी घरात नको. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी त्या वेळी स्वतःशीही धड बोललो नाही. काचेला आतून हिरवट थर आला होता, लोखंडावर गंज चढला होता. तपासणीचे साहेब येणार तेव्हा पेटी लखलखीत दिसावी, एवढीच माझी इच्छा. ग्रहण हे निमित्त.

बायको म्हणाली, "मामांनी कोरडी करू नका म्हणून सांगितलंय."

"मामा नावेचं जाणतात," मी म्हणालो. "धर्माचं मी बघतो."

मामा त्या दिवसांत तेलगावला मुलीकडे गेला होता. नाहीतर मी एवढं धाडस केलं नसतं.

सकाळीच मी मासे घंगाळात काढले, पेटी उपसली, राखेने आणि चिंचेने घासली. ग्रहण दुपारच्या आत सुटलं. तेव्हाच भरली असती तर कदाचित निभावलं असतं. पण ओल्या काचेवर डाग राहतात म्हणून मी ती वाळू दिली. गोणपाटाचा पडदा स्वतःच्या हाताने गुंडाळून वर बांधला. दुपारचं वैशाखातलं ऊन त्या पेटीत भरून राहिलं होतं. काच इतकी चमकत होती की मी दोनतीनदा लांब जाऊन बघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्तीस घागरी पाणी भरलं, मासे सोडले. साहेब आले. शाळेची तपासणी चांगली झाली. मग साहेब, पाटील आणि वीसपंचवीस गावकरी आमच्या ओसरीवर आले. साहेब उंच, गोरे, डोक्यावर तांबडी रूमी टोपी. ते वाकून काचेजवळ तोंड नेऊन म्हणाले, "सुभानल्ला."

त्याच वेळी खालच्या कोपऱ्यातून, बाटलीचं बूच उडावं तसा, राळेचा एक तुकडा निघाला आणि पाण्याची धार थेट साहेबांच्या बुटावर पडली. दुसऱ्या क्षणी सगळी खालची कड सुटली.

पुढची घटका मी कधी विसरणार नाही. पाटलांनी धोतर गुडघ्यावर घेतलं. कोणी तांब्या आणला, कोणी परात, कोणी डाळीचं भांडं डाळीसकट. मॉनिटर मासा अंगणात उड्या मारत होता आणि दहा मुलं त्याच्यामागे. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पाण्यात बुडवली आणि तिच्यात एक मासा झेलला. "लाओ, लाओ, कुछ तो लाओ," म्हणत ते भिजलेल्या बुटांनी तुळशीपाशी धावले. बायकोने पुढे केलेल्या तांब्यात त्यांनी मासा सोडला आणि लहान मुलासारखे हसत सुटले. माझी बायको पदराने तोंड झाकून हसत होती, जोशीबुवा हसत होते. अकराच्या अकरा मासे वाचले. कणग्यांपर्यंत पाणी पोचलंच नाही, कारण अर्ध्या गावाने ते सुपांनी, पोत्यांनी, हातांनी अंगणात ढकललं.

मग साहेबांनी टोपी पिळत सहज विचारलं, "ये जोड किसने भरे थे, मास्टर?"

रागाचा सूर नव्हता त्यांचा. मी म्हणू शकलो असतो की साहेब, मी ती उन्हात वाळवली. सगळे पुन्हा एकदा हसले असते आणि संपलं असतं. पण मी म्हणालो, "इथल्या एका नावाड्याने. गावठी काम आहे."

लोकांनी ते ऐकलं. बायकोचं हसू तिथेच थांबलं.

तिसऱ्या दिवशी मामा तेलगावहून आला तो सरळ आमच्याकडे. त्याने रिकाम्या पेटीत हात घालून सांध्यावरून बोट फिरवलं. तळहातावर राळेचा भुगा घेऊन त्याने तो उजेडात धरला.

"कोरडी ठिवलीती का, मास्तर?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ग्रहण सुटलं की लगेच भरली."

तो "बरं" म्हणाला, भुगा अंगणात झटकला आणि गेला. त्याला सगळं कळलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि त्यानंतर तो संध्याकाळी आमच्या पायरीवर आला नाही.

मासे आता दोन रांजणांत होते. वरून बघितलं की पाठी दिसायच्या.

मला वाटलं होतं की पेटीची गोष्ट पेटीपाशीच राहील. पण पुढे नाव काठावर ओढली गेली, मामा तिचे सांधे भरायला बसला, तेव्हा पारावर बोलणं सुरू झालं. मास्तरांच्या घरची अडीच हाताची पेटी धरली नाही, मग भरल्या नदीत नाव कशी धरेल. आमच्या लेकीसुना बसतात तिच्यात. म्हाताऱ्याचा हात गेला. वरच्या अंगाच्या गावातून दुसरा नावाडी आणू. पाटलांनी मला विचारलं, "मास्तर, तुमचं काय म्हननं?" मी म्हणालो, "मला नावेतलं काय कळतं." खरं गिळलं ते हे तिसऱ्यांदा.

दुसरा नावाडी आला तर मामाचं या गावात काही उरणार नव्हतं. तो तेलगावला मुलीच्या दारात जाऊन राहणार, असं त्याची बायको माझ्या बायकोला विहिरीवर म्हणाली. बायकोने ते मला जेवताना सांगितलं. मी भाकरी मोडत राहिलो.

श्रावणात नदी भरली आणि बाजाराच्या दिवशी नाव पाण्यात उतरली. मामाने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एरवी पहिल्या फेरीला बसायला लोकांची झुंबड उडे. त्या दिवशी तीसेक माणसं टोपल्या, पोती घेऊन काठावर उभी होती आणि नावेत कोणी पाऊल टाकत नव्हतं. मामा वल्हं आडवं धरून नावेच्या टोकाला बसला होता.

"तू बस की बे आधी," एकजण म्हणाला.

"मला पोरं हायती चार. तू बस, तुला कोन रडनार हाय."

"आरं मास्तरांना इचारा," तिसरा म्हणाला. "त्यांनी भोगलंय. मास्तर, तुमी सांगा, बसावं का न्हाई?"

सगळे माझ्याकडे वळले. मामा वळला नाही. तो पाण्याकडे बघत होता.

माझी बायको माझ्या मागून पुढे आली. तिने लुगड्याचा काठ वर धरला, टोपली नावेत ठेवली आणि आत जाऊन मधल्या फळीवर बसली. ती पाटलांकडे बघून म्हणाली, "ह्यांना काही सांगायचं आहे."

मी वहाणा काढल्या आणि पाण्यात उतरलो. गुडघाभर पाण्यात नावेची कड धरून उभा राहिलो. आणि बोललो. पेटी मीच रिकामी केली, जोशीबुवांनी नको म्हटलं तरी केली. पडदा मी गुंडाळला. साहेबांपुढे चमकावी म्हणून एक दिवस आणि एक रात्र वाळवली. मामांनी कोरडी करू नका म्हणून मला बजावलं होतं. सांधे त्यांचे पक्के होते. एवढं सगळं लोकांकडे तोंड करून सांगितलं. मग नावेच्या टोकाकडे वळलो आणि दोन्ही हात जोडले.

"मामा, तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्हाला ते कळलं, हेही मला कळलं होतं. तीन महिने मी तुमचं नाव मातीत जाऊ दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."